चावी कोणाकडे?

सोमवारच्या बाजाराला माळवं घेऊन येणाऱ्या बायका पहाटे घरून निघताना चहा घेतात, तेवढाच. मग दिवस मावळून परतीच्या टेम्पोत बसेपर्यंत पाण्याचा घोट नाही. एप्रिलमध्येही नाही. हे मला माझ्याच दुकानाच्या काउंटरवर एका बाईनं सांगितलं, आणि तेही तावातावानं. माझं हार्डवेअरचं दुकान आहे; ती ताडपत्री घ्यायला आली होती. ताडपत्री मापून देईपर्यंत तिची नजर भिंतीवरच्या क्लबच्या कॅलेंडरवर गेली. तिथलं बोधचिन्ह ओळखून म्हणाली, “आवं शेट, ह्ये तुमच्याच कलबाचं संडास हाय न्हवं बाजारात? त्येची चावी कुनाकडं असती?”

मला सांगता आलं नाही. 2022-23 या वर्षी मी क्लबचा सचिव होतो.

पुढचं प्रकरण या एका प्रश्नाभोवतीच फिरतं. गावाचं आणि क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. क्लब तालुक्याच्या गावी असतो तसाच: चार डॉक्टर, दोन वकील, एक सीए, पेट्रोल पंपवाले, कापडवाले, निवृत्त प्राचार्य, दोन बिल्डर आणि मी. रोटरीचा की लायन्सचा हे विचारू नका; या गोष्टीपुरता फरक शून्य आहे. दोन्ही समाजसेवी संस्थांचं जन्मगाव शिकागोच, रोटरी 1905 ची आणि लायन्स 1917 ची. आणि दोन्हीकडे अध्यक्ष 1 जुलैला बसतो आणि पुढच्या 30 जूनला उठतो. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा.

गुरुवारी रात्री आठला मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये आमची साप्ताहिक सभा भरते. आठ म्हणजे साडेआठ. अध्यक्ष घंटा वाजवतात, प्रार्थना होते, मग वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, गुलाबाचं फूल, फोटो. पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांचं भाषण, आभार. मध्येच सार्जंट, म्हणजे सभेची शिस्त सांभाळणारा सदस्य, उठतो आणि उशिरा आलेल्याला, मोबाइल वाजलेल्याला, नवी गाडी घेतलेल्याला दंड करतो. तो डबा खुळखुळवत फिरतो तेव्हा हॉलमध्ये सगळ्यात जास्त हशा असतो. सचिवाच्या सूचना, राष्ट्रगीत, जेवण. बाहेरच्याला हे सगळं हौशी वाटेल. पण एका गावातले तीस कमावते लोक, ज्यांचे एकमेकांशी धंद्याचे, भाऊबंदकीचे, राजकारणाचे तिढे आहेत, ते दर आठवड्याला ठरलेल्या वारी एका खोलीत बसतात, ही गोष्ट साधी नाही. पूर्वी रोटरीत सलग चार सभा चुकल्या तर सदस्यत्वावर गदा यायची. 2016 मध्ये त्यांच्या विधी परिषदेनं क्लबांना मोकळीक दिली, महिन्यातून दोन सभाही चालतील म्हणून. आमच्यातल्या कित्येकांना तीच वाट हवी होती. मलाही हवी होती, खोटं कशाला बोलू.

आता संडासाकडे येतो.

बाजारतळावर बायकांसाठी सोय करायची, ही कल्पना प्राचार्यांची. एका सभेत त्यांनी शिकागोची गोष्ट सांगितली होती. पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तीन मित्रांना घेऊन पहिला रोटरी क्लब काढला, आणि पाळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत बसायचे म्हणून त्याचं नाव ‘रोटरी’ पडलं, एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्या क्लबनं हाती घेतलेलं पहिलं नागरी काम कोणतं, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. 1907 मध्ये त्यांनी शहरात सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून खटपट सुरू केली. विरोध दोन बाजूंनी झाला. बिअर बनवणाऱ्यांची संघटना म्हणाली, पुरुषांसाठी प्रत्येक गुत्त्यात सोय आहे. मोठी दुकानं म्हणाली, बायकांसाठी आमच्याकडे आहे. क्लबवाल्यांचं उत्तर असं होतं की गुत्त्यात गेलं की आधी दारूचा पेला घ्यावा लागतो, आणि दुकानात गेलं की बाईला काहीतरी विकत घ्यावंसं वाटतं, मग ही सोय सार्वजनिक कशी? त्यांना दोनेक वर्षं लागली, पण नगरपालिकेच्या इमारतीजवळ शौचालय उभं राहिलं.

आमच्याकडे हेच नाटक मराठीत झालं. नगरपरिषदेकडे जागा मागितली तेव्हा बाजारतळाच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलवाल्यांनी निवेदन दिलं, “आमच्याकडे सोय आहे, बायकांना कुणी नको म्हणत नाही.” नको म्हणत नाहीत, हे खरं. पण गल्ल्यासमोरून, मिसळ खाणाऱ्या तीस पुरुषांमधून, मागच्या मोरीपर्यंत जायचं आणि काही न घेता परत यायचं, हे कोण करील? बाजारातली एक म्हातारी म्हणाली होती, “धा रुपयाचा च्या घ्यायचा, आन त्यो प्याला म्हनून परत जायाचं.” हे गणित शिकागोच्या क्लबवाल्यांनाही सुचलं नव्हतं.

वकिलांचा आक्षेप वेगळा होता, आणि तो मला आजही पूर्ण खोडता येत नाही. त्यांचं म्हणणं, महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम 1965 चा आहे. सार्वजनिक संडास-मुताऱ्या बांधणं हे त्यात नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य धरलं आहे. बाजारात बसणारी प्रत्येक बाई बाजारपट्टीची पावती फाडते. मग आपण वर्गणी काढून बांधायचं म्हणजे ज्यांचं काम त्यांना रजा द्यायची. “आपण बांधू नये, भांडावं,” असं ते म्हणाले. सभेत शांतता पसरली. मग बिल्डरांपैकी एकजण म्हणाले, “वकीलसाहेब, भांडून पाच वर्षं जातील, बांधून पाच महिने.” टाळ्या पडल्या आणि ठराव झाला. आमच्या क्लबात टाळ्या पडल्या की चर्चा संपते.

पाच महिने मात्र लागले. जागा मिळाली ती बाजारतळाच्या टोकाला, जनावरांच्या बाजाराला लागून. तोंडाशी कुणी होऊ देईना, मधोमध मोजणीचा वाद होता. चार खोल्या, ओरिसा पॅन, टाइल्स, सेप्टिक टँक. वर्ष होतं 2021-22. अध्यक्षांची मुदत 30 जूनला संपणार होती आणि त्यांना उद्घाटन आपल्या काळात हवं होतं. यात वाईट काही नाही, प्रत्येकाला तसंच वाटतं. पण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फीत कापली तेव्हा पाण्याची कायमची जोडणी बाकी होती. ‘तात्पुरती’ म्हणून शेजारच्या गाळ्यातून पाइप ओढला. वर 500 लिटरची टाकी बसवली. ती टाकी माझ्या दुकानातून गेली, ना नफा ना तोटा. ती अपुरी पडणार हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं, तीच तर माझी रोजीरोटी. साधा हिशोब आहे: एका वापराला हातपाय धुण्यासकट पाच लिटर धरा. बाजाराच्या दिवशी दीडशे बायका आल्या तर 750 लिटर. आमच्या गावाला नळाचं पाणी पाचव्या दिवशी. पण उद्घाटनाच्या घाईत हिशोब कोण करतो.

पहिले चार-पाच सोमवार ठीक गेले. मग एका रात्री पितळी नळ गेले. भंगारात पितळेला भाव असतो. दारू पिणाऱ्यांनी आत बैठक जमवली. म्हणून दाराला कुलूप आलं. ते कुणी लावलं याची नोंद नाही. चावी आरोग्य विभागाच्या मुकादमाकडे असायची असं म्हणतात; मुकादमाची ड्यूटी दुपारी दोनला सुटते आणि बाजार सातपर्यंत चालतो. नंतर तेही बदलून गेले. आम्ही चौकशीला गेलो तेव्हा कचेरीत सांगण्यात आलं, “ते क्लबचं आहे, आमच्याकडे हस्तांतर नाही.” आम्ही म्हणालो, “आम्ही तर दिलं की तुम्हाला, साहेब स्वतः आले होते उद्घाटनाला.” साहेब आले होते हे खरं होतं. कागद झाला नव्हता हेही खरं होतं. तेव्हा नगरपरिषदेवर प्रशासक होते, निवडणुका झालेल्या नव्हत्या, त्यामुळे ज्याच्या दारात जाऊन बसावं असा प्रभागाचा नगरसेवकही नव्हता.

ताडपत्रीवाली बाई गेल्यावर मी त्या रात्री इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन बसलो. जुलै 2022 पासूनच्या सगळ्या सभा वाचून काढल्या. बहुतेक माझ्याच अक्षरात होत्या. ‘स्वच्छतागृह’ हा शब्द तीनदा सापडला. एकदा वार्षिक पारितोषिकाच्या अर्जात फोटो जोडल्याची नोंद. एकदा प्रांतपालांच्या (आमच्या भागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांच्या) भेटीच्या वेळी दाखवायच्या प्रकल्पांची यादी. तिसऱ्यांदा एका देणगीदाराची तक्रार, की संगमरवरी पाटीवर त्यांच्या वडिलांच्या नावात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आहे. ती पाटी आम्ही बदलून घेतली होती. म्हणजे क्लबचा माणूस त्या जागी जाऊन आला होता, पाटी काढून नवी बसवून आला होता, आणि शेजारचं कुलूप त्याला दिसलं नव्हतं किंवा दिसूनही सांगावंसं वाटलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी घड्याळ लावून बसलो. सभा 62 मिनिटं चालली. वाढदिवस आणि फोटो 14, पाहुण्यांची ओळख 9, भाषण 22, दंडाचा डबा 8, आभार आणि राष्ट्रगीत 5. चालू कामांवर चार मिनिटं, आणि त्यातली तीन येत्या शिबिराचा बॅनर कोण छापणार यावर. आधी केलेल्या कामाला शून्य.

मला वाटतं, प्रकरणाचा गाभा इथे आहे. पैसा कमी पडला नव्हता, माणसं वाईट नव्हती, जागा चुकली तरी जीवघेणी चुकली नव्हती. दर 1 जुलैला क्लबची पाटी कोरी होते. नव्या अध्यक्षाला नवा प्रकल्प हवा, आणि गेल्या वर्षीचा प्रकल्प म्हणजे गेल्या वर्षीच्या माणसाचा. सासूनं लावलेल्या तुळशीला सुनेनं पाणी घालायचं की नाही, असला हा प्रश्न. आणि ज्या एका गोष्टीमुळे हे विसरणं थांबवता आलं असतं, ती दर गुरुवारची घंटा, तिचा उपयोग आम्ही गुलाबाची फुलं वाटायला करत होतो.

मी हे सभेत वाचून दाखवलं. थोडं चिडूनच. पाटीच्या मुद्द्यावर देणगीदार उठून गेले (दोन महिन्यांनी परत आले). माजी अध्यक्षांना वाटलं की हा त्यांच्यावर ठपका आहे. खरी चर्चा जेवताना झाली, नेहमीसारखी. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडम आमच्या क्लबातल्या तीन स्त्रियांपैकी एक. त्या म्हणाल्या, “पाणी न पिणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. जळजळ, ताप. मी गोळ्या लिहून देते आणि भरपूर पाणी प्या म्हणते. त्या हसतात.” मग त्यांनी विचारलं, त्या संडासात आतून कधी कुणी गेलंय का? आमच्यातलं कुणीच गेलं नव्हतं. फीतसुद्धा बाहेरच कापली होती.

त्या पुढच्या सोमवारी गेल्या. मुकादमाच्या जागी आलेल्या माणसाकडून चावी शोधून काढली, दार उघडलं, आत जाऊन दार लावून बघितलं. आतली कडी कोयंड्यात बसत नव्हती. पावसानं दार फुगलं होतं. पिशवी अडकवायला खुंटी नाही. ओल्या फरशीवर काही ठेवता येत नाही. बाजारातल्या बाईच्या कमरेला दिवसभराचा गल्ला असतो, हातात पिशवी असते, आणि माळव्याची पाटी ती शेजारणीच्या भरवशावर टाकून आलेली असते, तेही पाच मिनिटांसाठी. जनावरांच्या बाजारातून चालत यायलाच तीन मिनिटं. अशात कडी न लागणाऱ्या खोलीत ती कमरेचा बटवा कुठे ठेवणार? आम्ही कुलपाला दोष देत होतो. कुलूप नसतं तरी बायका आल्या नसत्या.

दुरुस्तीचं सगळं लिहीत बसत नाही, कारण त्यात नवल काही नाही. दारं बदलली, प्रत्येक दाराला आतून वरखाली दोन कड्या. खांद्याच्या उंचीवर खुंटी आणि एक कडाप्प्याची फळी. पितळी नळांच्या जागी प्लास्टिकचे. ते दिसायला बेंगरूळ असतात पण चोर त्यांना हात लावत नाही. 1000 लिटरची टाकी, यावेळी नफा-तोट्याचा विषय न काढता. नगरपरिषदेशी दोन पानांचा करार झाला: पाणी आणि सेप्टिक टँकचा उपसा त्यांच्याकडे, देखभाल आणि राखणदाराचा पगार आमच्याकडे, तीन वर्षं. तो वकिलांनी लिहिला. “भांडावं म्हणालो होतो, आता भांडणाचा कागद करून देतो,” असं म्हणत.

पगाराचे पैसे कुठून आणायचे यावर मात्र दोन सभा गेल्या. कापडवाले म्हणाले, पाच-पाच रुपये घ्या, बायका देतील. यावर मॅडमनी मुंबईतल्या ‘राइट टू पी’ चळवळीचा दाखला दिला. 2011 पासून तिथल्या कार्यकर्त्या हेच विचारत आल्या होत्या, की पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे, हे कोणत्या न्यायानं? आमच्या बाजारतळावरही पुरुष भिंतीला उभे राहतात, त्यांच्याकडून कोण पाच रुपये घेतं? शेवटी ठरलं की चारपैकी तीन गुरुवारी जेवण बंद. चहा आणि पोहे. वाचलेले पैसे आणि सार्जंटचा डबा मिळून राखणदार मावशींचा पगार. मावशी बाजारातल्याच, पूर्वी कोथिंबीर विकायच्या, आता गुडघे धरल्यामुळे बसून राहण्याचं काम बरं पडतं. जेवण बंद झाल्यावर आमचे चार सदस्य कमी झाले. त्यांना मी दोष देत नाही. गुरुवारी घरी स्वयंपाक नको म्हणून क्लबात आलेली माणसं असतात, आणि तीही वर्गणी भरतात.

आणि कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ आली. घंटेनंतर, प्रार्थनेच्या लगेच नंतर, वाढदिवसांच्या आधी: “चावी कोणाकडे?” अध्यक्षांनी विचारायचं, त्या सोमवारी ज्याची पाळी होती त्यानं उभं राहून सांगायचं. पाळी म्हणजे देखरेख नव्हे. बाजारात जायचं, माळवं घ्यायचं, मावशींना भेटायचं, टाकीवर टिचकी मारून पाणी किती ते बघायचं, दोघी-तिघींना विचारायचं. पुरुष सदस्यांना हे विचारायला लाज वाटते, म्हणून बरेचजण बायकोला घेऊन जातात. त्यामुळे दोन नवीन सदस्य मिळाल्या, हा अनपेक्षित फायदा. उत्तर एका वाक्यात असलं तरी चालतं. “चावी मावशींकडे, पाणी अर्धी टाकी, दोन नंबरची कडी सैल.” कडी सैल म्हटलं की माझ्याकडे सगळे बघतात.

1 जुलै 2023 ला नवे अध्यक्ष आले. त्यांनी छापलेल्या पहिल्या पत्रिकेत ती ओळ नव्हती. मुद्दाम काढली नव्हती. त्यांच्या मुलानं संगणकावर नवा आराखडा केला, त्यात राहून गेली. प्रार्थना संपली, अध्यक्षांनी वाढदिवसाच्या यादीला हात घातला, तेव्हा सार्जंट उठला आणि त्यानं अध्यक्षांनाच 100 रुपये दंड केला. हॉल हसला, ओळ परत आली. तेव्हापासून ती गाळणाऱ्याला 100 रुपये असा नियमच झाला आहे, लेखी नाही, पण डबा समोर येतो.

अडचणी संपल्या असं समजू नका. दिवाळीच्या बाजाराला चार खोल्या पुरत नाहीत, रांग जनावरांच्या खुंट्यांपर्यंत जाते. एका उन्हाळ्यात पाणी आठव्या दिवशी आलं तेव्हा टँकर मागवावा लागला आणि बिलावरून करारातलं कलम काढून भांडावं लागलं. उपशाची गाडी वेळेवर येत नाही. आणि वकील अजूनही म्हणतात की हे सगळं नगरपरिषदेनं करायचं होतं. करार संपत आला की ते तीन वर्षांचं पाच वर्षं करायला तयार होणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे.

मध्यंतरी एका गुरुवारी अध्यक्षांनी प्रश्न विचारला आणि पाळीवाले सीए उभे राहिले. “चावी,” ते म्हणाले, “हरवली आहे.” मावशींच्या पदराला बांधलेली लाल नायलॉनची दोरी टेम्पोत तुटली होती. त्या सोमवारी त्यांनी शेजारच्या गाळेवाल्याकडून हातोडी आणून स्वतःच कुलूप फोडलं, दिवसभर दारं उघडी ठेवली आणि रात्री नातवाला तिथे झोपायला पाठवलं. नवं कुलूप माझ्या दुकानातून गेलं. त्याला तीन चाव्या येतात. एक मावशींकडे, एक कचेरीत. तिसरी कोणाकडे ठेवायची यावर त्या रात्री पाऊण तास चर्चा झाली आणि पाहुणे वक्ते, जे मधुमेहावर बोलायला पंढरपूरहून आले होते, पोहे गार होईपर्यंत ऐकत बसले. इतिवृत्तात नोंद आहे: तिसरी चावी डॉक्टर मॅडमकडे. भाषण पुढच्या गुरुवारी.